पायात मोडलेले धसकट

काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका शेतकऱ्याला त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. दाढेच्या दुखण्यामुळे तोंड उघडत नाही, अशी घरच्यांची समजूत होती. दाढ मात्र निर्दोष होती. पायाला काही लागले होते काय, असे विचारल्यावर दहा दिवसांपूर्वी तुरीचे धसकट टाचेत मोडल्याचे कळले. “पण ती जखम तर भरली, डॉक्टरसाहेब,” मुलगा म्हणाला. तो धनुर्वात होता. त्यांना तातडीने नांदेडला पाठविले. महिन्याभराने ते घरी परतले.

जंतू सर्व शरीरात पसरले तरच रोग होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्लेगचे जंतू तसे पसरतात. धनुर्वाताचे जखमेतच राहतात. गुराघोड्यांच्या शेणालिदीतून त्यांची बीजे मातीत मिसळतात व वर्षानुवर्षे टिकतात. (माळेगावच्या यात्रेत अनवाणी हिंडणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.) हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ती रुजतात आणि विष निर्माण करतात. ते विष मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढते आणि स्नायू सैल करणारा संदेश अडवते. मग दातखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. मज्जातंतूंना एकदा चिकटलेले विष कोणत्याही औषधाने सुटत नाही. उरलेले मोकळे विष तेवढे निष्प्रभ करता येते.

मातीचा किती अल्प स्पर्श पुरतो, याचे एक जुने उदाहरण आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. लस मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत तयार झाल्याने ठपका तिचे प्रमुख हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे उघड झाले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. आज साठीपुढील बहुतेक पुरुषांना बालपणी ही लस मिळालेलीच नाही. अनेक स्त्रियांना निदान गरोदरपणात मिळाली. म्हणून घरातील आजोबांची चौकशी आधी करावी. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडीचे इंजेक्शन मिळते. पहिले तीन डोस पूर्ण झाल्यावर दर दहा वर्षांनी एक. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर धसकट रुतल्याचेही कळत नाही. त्यांचे तळवे घरच्यांनीच रोज पाहावेत. जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी, तीवर माती वा शेण लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या शेतकऱ्यालाही बरे झाल्यावर लस द्यावी लागली. विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की, रोग होऊन गेला तरी शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही.