घरचा तंटा मिटायला किती दिवस लागतात?

वाटाघाटीचे आमचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. असे असून जुन्नर-आंबेगावकडची माणसे घरातली भांडणे घेऊन आमच्याकडे का येतात, असे कोणी विचारील. चाकणला कामाला जाणारा गडी पगारवाढीसाठी युनियनकडे येतो, तसाच बायको माहेरी निघून गेली म्हणजेही युनियनकडेच येतो. कायदा थोडाबहुत जाणणारे त्याच्या ओळखीचे आम्हीच. आणि त्याचा, नाहीतर तिच्या वडिलांचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, मिटायला किती दिवस लागतील?"

कामगारांच्या तंट्यात या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यावा असे लिहिलेले होते. ते १४ दिवस नेहमी पाळले जात असे आम्ही म्हणणार नाही. पण बोट ठेवायला आकडा होता. घरच्या तंट्यालाही आकडे आहेत, फक्त लोकांना ते ठाऊक नसतात. न्यायालयाने मध्यस्थाकडे पाठवलेल्या प्रकरणांसाठी २००३ साली जे नमुना नियम झाले, त्यांत ६० दिवस आणि फार तर वर ३० दिवस अशी मुदत होती. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात १२० दिवस लिहिले आहेत, आणि दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी ६०. (या कायद्याची काही कलमेच ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाली, बाकीची मागे ठेवली गेली.)

आता प्रत्यक्षात काय होते? आमच्या पाहण्यात बैठका तीन ते पाच होतात, एकेक दीड-दोन तासांची. म्हणजे सगळे बोलणे मिळून दहा तासांच्या आतबाहेर. मग महिने जातात कुठे? ते जातात दोन बैठकांच्या मध्ये. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम लागला की मुलाकडचे येत नाहीत. डिंभ्याच्या वरच्या गावांत भातलावणी सुरू झाली की मुलीकडचे येत नाहीत. गड्याची पाळी बदलते, गावची जत्रा येते. आणि ज्या मामांवाचून कोणी शब्द द्यायला तयार नाही, ते मामा मुंबईला असतात. लोक यात आणखी एक घोटाळा करतात. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, ते दिवसही ते मध्यस्थीच्याच खात्यावर मांडतात. ती मुदत वेगळी. योग्य प्रकरणात न्यायालय ती माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे.

लवकर मिटले म्हणजे चांगले मिटले, असेही नाही. जातपंचायतीत एका रात्रीत निकाल लागत असे. कारण एक बाजू तोंडच उघडत नसे.

पण उशिराचा भार दोघांवर सारखा पडत नाही, आणि हे समजायला आम्हांला एक चूक करावी लागली. आंबेगाव तालुक्यातले एक जोडपे होते. बाई दोन मुलांना घेऊन माहेरी आलेली, नवरा कारखान्यात. तिने पोटगीचा अर्ज तयार ठेवला होता. आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले, "ताई, बोलणी चालू आहेत, अर्ज कशाला? मने आणखी दुखावतील." बैठका पाच झाल्या, महिने आठ गेले. नवऱ्याचा पगार दर महिन्याला चालू होता. तिने पाटल्या गहाण टाकल्या. पुढे समेट झाला, दोघे एकत्र नांदत आहेत. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून दिले. याचा सरळ अर्थ असा की अर्ज जितका लांबेल तितके महिने बुडाले. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा, असेही कायदा म्हणतो. अर्ज आणि बोलणी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. संपाची नोटीस देऊनच आम्ही मालकाशी बोलायला बसत होतो; घरच्या तंट्यात तेच शहाणपण आम्हांला सुचू नये, याचे नवल वाटते. आणि जिथे मारहाण आहे, तिथे आम्ही आधी बैठक बोलावीतच नाही. २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला तर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागायला हवी, एवढे त्या बाईला सांगतो आणि सोबत माणूस देतो.

आता पहिल्याच बैठकीत आम्ही एक कागद करतो. पुढच्या तीन बैठकांच्या तारखा, हंगाम आणि पाळ्या पाहून. मुलांच्या खर्चाची रक्कम आणि ती कोणत्या तारखेला पोचेल ते. मामा आले नाहीत तर कोण बोलणार त्याचे नाव. खाली दोघांच्या सह्या. वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून जी बाई अर्जच करीत नाही, तिला तालुका विधी सेवा समितीकडे पाठवतो. तिथे स्त्रीला वकील फुकट मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो.