मोगलीच्या मुलखात

पुस्तकात वाचलेली गावे पाहायची तर फार दूर जावे लागते, असा आपला समज असतो. ‘जंगल बुक’च्या बाबतीत गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तसे म्हणता येणार नाही. रुडयार्ड किपलिंग यांच्या मोगलीच्या कथा १८९४ व १८९५ साली दोन पुस्तकांतून प्रसिद्ध झाल्या. पहिल्याच कथेत सिवनीच्या टेकड्या येतात आणि शेरखान वाघ तेथून वीस मैलांवर, वैनगंगेकाठी राहतो. हीच वैनगंगा आपल्या तिरोडा तालुक्याच्या कडेने वाहते!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मोगली मला चित्रपटातून माहीत होता. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले. इंग्रजी पानावर वैनगंगेचे नाव दिसले तेव्हा ते मी दोनदा वाचले. दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाला सोबत घेऊन तो मुलूख पाहून आलो. त्याची माहिती वाचकमित्रांना उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

गोंदियाहून रेल्वेने बालाघाट गाठावे. तेथून सिवनीची बस वैनगंगा ओलांडून लालबर्रा, बरघाट मार्गे जाते. दोन्ही बाजूंना आपल्यासारख्याच धानाच्या बांध्या. राज्य बदलले तरी बोली फारशी बदलत नाही, कारण आपल्याकडील कितीतरी घरांच्या सोयरिकी त्या भागात आहेत. मोगलीला सांभाळणारी मेसुआ गावकऱ्यांच्या भीतीने ज्या कान्हीवाड्याकडे पळते, ते गावही सिवनी जिल्ह्यातच आहे.

सिवनीहून नागपूर रस्त्याने निघाले की गोपाळगंजजवळ मुंडारा हे गाव लागते. तेथील एका कुंडातून वैनगंगा उगम पावते. ती आधी उत्तरेकडे जाते आणि मोठा वळसा घेऊन दक्षिणेला बालाघाटकडे येते. आपल्याकडे तिचे पात्र केवढे रुंद, आणि येथे ती एका कुंडात मावलेली! पुढे कुरईच्या घाटात सागाचे दाट रान सुरू होते. वन्य प्राण्यांना पलीकडे जाता यावे म्हणून महामार्गाखालून वाटा सोडलेल्या आहेत. खवासाहून आत वळले की पेंच राष्ट्रीय उद्यानाचे तुरिया प्रवेशद्वार येते. पावसाळ्यात उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

आता एक गंमत. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला, परंतु सिवनीचे जंगल त्यांनी कधी पाहिले नाही. मोगलीच्या बहुतेक कथा त्यांनी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बसून लिहिल्या. या भागाच्या वर्णनासाठी त्यांना स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या सिवनीवरील १८७७ सालच्या पुस्तकाचा आधार झाला. म्हणून कथेतली प्रत्येक दरी आणि खडक येथे शोधू नये. भालू, हाथी, बंदर ही नावे मात्र आपल्या कानांना कोणी समजावून सांगावी लागत नाहीत.

तुरियाला आणखी एक गोष्ट कळते, आणि ती त्या पुस्तकात असणे शक्य नव्हते. १९३० साली येथे जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगलातले गवत कापून लोकांनी कायदा मोडला. पोलिसांच्या गोळीबारात तीन आदिवासी स्त्रिया आणि एक पुरुष मृत्युमुखी पडले. किपलिंग यांच्याच १८९३ सालच्या एका कथेत मोठा झालेला मोगली जंगल खात्याच्या नोकरीत शिरतो. ज्या खात्यात मोगलीला मान मिळाला, त्याच खात्याच्या कायद्यापायी प्रत्यक्षातील रानची माणसे मारली गेली. माझी आजी दर उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करी. जंगलात पाय टाकताना नाकेदाराची भीती तिला वाघापेक्षा अधिक वाटे. तिची आठवण मला तुरियाला आली.

तेव्हा मित्रहो, पेंचला अवश्य जा. वाघ दिसला तर भाग्य, न दिसला तरी रान पाहण्यासारखे आहे. मोगलीचे नाव तेथे जागोजागी वाचायला मिळेल. त्याबरोबर तुरियाच्या त्या चार हुतात्म्यांची चौकशीही गावात अवश्य करा.