झिजलेल्या वस्तूंची संग्रहालयं

पंक संगीताच्या वारशाचं करायचं काय, या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरं 2016 सालच्या नोव्हेंबरात मिळाली. 2 तारखेला आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये पंकचं संग्रहालय उघडलं. उद्घाटनाला सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन हजर होता. 26 तारखेला लंडनच्या टेम्स नदीत बोट उभी करून जो कोरे यांनी आपल्याजवळच्या दुर्मीळ पंक वस्तूंची होळी केली. हे सेक्स पिस्टल्सचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन आणि वेशभूषाकार व्हिव्हियन वेस्टवुड यांचे चिरंजीव. मालाची किंमत 50 लाख पौंड असल्याचा त्यांचा दावा होता. पंकच्या चाळिशीचे सोहळे लंडनमध्ये प्रतिष्ठितांच्या आशीर्वादानं साजरे होत होते, त्यांचा हा निषेध.

कोरे यांचा राग समजण्यासारखा आहे. 1970च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात आणि लंडनच्या गल्ल्यांत जे घडलं, ते जपून ठेवण्यासाठी नव्हतंच. रामोन्स या बँडचा 1976चा पहिला अल्बम म्हणजे 14 गाणी आणि एकूण वेळ अर्ध्या तासाच्याही आत. गिटारवर तीन कॉर्ड आले की बँड काढायचा, कपडे फाटले की सेफ्टी पिना लावायच्या. त्याच वर्षी लंडनमधल्या मार्क पेरी या बँक कारकुनानं ‘स्निफिंग ग्लू’ हे फोटोकॉपी केलेलं नियतकालिक काढलं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 1954 साली सायक्लोस्टाइल करून काढलेलं ‘शब्द’ हे नियतकालिक माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही धडपड परकी वाटणार नाही.

रेक्याविकच्या संग्रहालयानं कोरे यांच्या आक्षेपाला जागेच्या निवडीतून आधीच उत्तर दिलं होतं. बांकास्त्राइती या मध्यवर्ती रस्त्याखाली 2006 साली बंद पडलेली सार्वजनिक स्वच्छतागृहं होती. संग्रहालय त्यांतच थाटलं. जिना उतरून खाली जायचं, मुताऱ्यांच्या भिंतींवरचे फोटो नि पोस्टर बघायचे आणि छतावरून लोंबणारे हेडफोन कानाला लावून गाणी ऐकायची. ब्योर्क ही आज जगभर ठाऊक असलेली गायिका याच शहराच्या पंक बँडांतून पुढे आली.

स्केटबोर्डचा जन्मही असाच जुगाडातला. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर सर्फिंग करणाऱ्या पोरांनी 1950च्या दशकात फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. आधी पोलादी, मग चिकणमातीची चाकं. वाटेत खडा आला की चाक थांबे आणि पोरगं पुढे पडे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यानं पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली. ती रस्त्याला धरून राहू लागली आणि खेळ पालटला. 1976-77 साली कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि सांता मोनिका-व्हेनिस भागातल्या ‘झी-बॉइज’सारख्या पोरांना गोलाकार उतार आयते मिळाले. हात न लावता बोर्डासकट उडी मारायची ‘ऑली’ ही युक्ती फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंडची, त्याच दशकाच्या अखेरची.

पंक आणि स्केटबोर्ड यांची सोयरीक कॅलिफोर्नियातच जुळली. तिथल्या सिमी व्हॅलीत 1997 साली ‘स्केटलॅब’ हा पार्क निघाला. त्याला जोडून जुन्या बोर्डांचं संग्रहालय होतं. संस्थापक दोघे: बोर्डांचा संग्राहक टॉड ह्यूबर आणि स्कॉट रॅडिन्स्की. हा रॅडिन्स्की व्यावसायिक बेसबॉलमधला पिचर आणि शिवाय पंक बँडचा गायक.

इतर संग्रहालयांत वस्तू जितकी अभंग तितका तिचा मान मोठा. स्केटबोर्डच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. मेपलच्या पातळ थरांची फळी, तिच्या पोटावर रंगीत चित्र. कठड्यावरून घसरताना ते चित्र मधोमध खरवडलं जातं. फळीचं शेपूट जमिनीवर आपटून आपटून चाकूच्या पात्यासारखं पातळ होतं. जाणकार माणूस ओरखड्यांवरून सांगतो, की हा गडी कठड्यांवर घसरणारा की तलावात फिरणारा. कोरी फळी बनवणाऱ्याबद्दल सांगते, झिजलेली चालवणाऱ्याबद्दल. म्हणून तिची डागडुजी करायची नसते.

लास वेगासमध्ये 1 एप्रिल 2023 रोजी उघडलेलं ‘पंक रॉक म्युझियम’ याच्याही पुढे गेलं. एनओएफएक्स बँडचा फॅट माइक आणि त्याचे साथीदार यांचा हा उद्योग. इथे वाटाड्या म्हणून खुद्द बँडांमधले वादक भेटतात. पेनीवाइज हा बँड ज्या गॅरेजात सराव करायचा, ते गॅरेजही इथे मांडलं आहे. एका खोलीत नामवंत वादकांच्या गिटारी ठेवल्या आहेत आणि त्या पाहुण्यांनी वाजवायच्या आहेत. कोरे यांच्या होळीला याहून चांगलं उत्तर सापडणं कठीण.

आपल्याकडे अशी संग्रहालयं नाहीत, पण स्केटबोर्डचा खेळ पोचला आहे. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावी 2015 साली स्केटपार्क झाला. नियम दोन: शाळेत गेल्याशिवाय बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. 2022च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्णपदक मिळवलं.

तळोद्यात बसून हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळं आहे. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी होते. कमरेला दुधी भोपळे नि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे टोप, रात्रभर ढोल. हा साज दरसाल झिजतो, तुटतो, नव्यानं बनतो. तो बनवणारे, वाजवणारे, नाचणारे आपल्याच भागातले. उद्या सातपुड्याच्या पायथ्याशी या साजाचं संग्रहालय उभं राहिलंच, तर त्यानं राजवाड्यांच्या दालनांपेक्षा या पोरांच्या संग्रहालयांकडे बघावं. ढोलाचं कातडं जिथे हातानं काळवंडलंय तिथे पॉलिश मारू नये. वस्तूखालच्या पाटीवर नुसतं जमातीचं नाव न लिहिता बनवणाऱ्याचं नि वाजवणाऱ्याचंही लिहावं. माहिती सांगायला ढोल वाजवणाराच नेमावा, त्याला पगार द्यावा आणि होळीच्या दिवसांत हक्काची रजाही. आणि एक खोली अशी असावी, जिथे आश्रमशाळेतली पोरं ढोल उचलून बडवतील. ढोल फुटला तर नवा करायला माणसं इथेच आहेत.