लिंबाची फोड, बिडीचा धूर आणि डबीतल्या गोळ्या



रसवंतीवर ऊस पिळताना लिंबाची फोड का घालतात, असे गटसभेत विचारले की सगळे म्हणतात, चवीसाठी. चव खरीच, पण तेवढेच नाही. नुसता रस पेल्यात ठेवून बघा, थोड्या वेळात काळपट होतो. उसातली विकरे आणि हवेतला प्राणवायू मिळून हे काम करतात. लिंबातले आम्ल आणि क जीवनसत्त्व त्याला आवर घालतात.

आपल्या अंगातही प्राणवायूचे काम रात्रंदिवस चालू असते. खाल्लेले अन्न पेशीत जळते, शक्ती मिळते, आणि चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही चंचल कण सुटतात. पेशीच्या आवरणाला, जनुकांना ते चटके देतात. त्यांना विझवणारी विकरे शरीरात आहेत, शिवाय क आणि ई जीवनसत्त्वे जेवणातून मिळतात. या विझवणाऱ्यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. बिडीच्या धुरात मात्र अशा ठिणग्या अगणित असतात.

आता मुद्द्याचे. ऊसनोंदीला गेलो असताना एका जुन्या सभासदाने आम्हाला गोळ्यांची डबी दाखवली. खताच्या दोन गोण्यांचे पैसे मोजून घेतलेली. "साहेब, बिडी काय सुटत नाही. म्हणून हे चालू केलंय. फुफ्फुस साफ राहतं म्हणतात."

आम्ही म्हणालो, "अण्णा, हा प्रयोग फिनलंड देशात होऊन गेलाय."

तिथे 29,133 धूम्रपान करणारे पुरुष घेतले होते, वय 50 ते 69. काहींना गाजरात असते ते बीटा-कॅरोटीन रोज 20 मिलिग्रॅम गोळीतून दिले. पाच ते आठ वर्षे. 1994 साली निकाल आला. ही गोळी खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट 18 टक्क्यांनी जास्त निघाला! अमेरिकेतही असाच प्रयोग चालू होता. तो जानेवारी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण तेच.

म्हणजे गाजर वाईट का? मुळीच नाही. युरिया चांगलाच, पण बेसुमार टाकला की ऊस लोळतो आणि उतारा पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गाजरात, शेवग्याच्या पाल्यात, पेरूत एकच द्रव्य नसते. शेणखतासारखे सगळे मिळून थोडे थोडे येते, तंतूही येतात. आवळा-पेरू कच्चा खावा. क जीवनसत्त्व शिजवण्यात बरेच जाते. शेंगदाण्यात ई जीवनसत्त्व आहे. हे सारे आपल्याच रानात होते, आणि आपण बांध तोडून तिथेही सरी ओढतो. (त्यात आमच्या खात्याचाही दोष आहेच.)

गुळात साखरेपेक्षा अशी द्रव्ये जास्त राहतात. पण गूळही शेवटी साखरच, तेव्हा मधुमेहवाल्यांनी फसू नये. कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहितोय, चेअरमनसाहेब सांभाळून घेतील!

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांबद्दल आम्ही बोलत नाही, ती बंद करू नका. अण्णांनी डबी फडताळात ठेवली. बिडीचा कट्टा अजून खिशातच आहे, पण दोनाच्या एकावर आलाय.

बांधासाठी शेवगा, आवळा, पेरूची रोपे हवी असतील त्यांनी गट कार्यालयात नावे नोंदवावीत.

– ऊस विकास अधिकारी