नवे नाटककार आणि जवळची रंगभूमी

१९२६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीसाठी चार कसोट्या मांडल्या. नाटक त्या समाजाविषयीचे असावे, त्याच समाजातील लेखकाने लिहिलेले असावे, त्याच्यासाठी असावे आणि त्याच्या वस्तीजवळ व्हावे, असा त्यांचा आशय होता. १९६७ मध्ये न्यू यॉर्क येथे स्थापन झालेल्या निग्रो एन्सेम्बल कंपनीसारख्या संस्थांनी नव्या कृष्णवर्णीय नाटककारांना रंगमंच मिळवून दिला. मराठीतील दलित रंगभूमीचा विचार करताना या चार कसोट्या उपयोगी पडतात.

यांपैकी सामीप्याची कसोटी आपल्याकडे आंबेडकरी जलशाने प्रथम पुरी केली. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा परिचित साचा स्वीकारला. परंतु गणातील ईशस्तवनाच्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आणले. प्रेक्षक नाट्यगृहाकडे येत नव्हता, म्हणून प्रयोगच वस्तीत गेला. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक उभे राहिले. पुण्यात १९७९ साली ‘दलित रंगभूमी’ ही संस्था स्थापन झाली, तेव्हा नव्या लेखकांना संघटित व्यासपीठ लाभले.

विषयाची कसोटी मात्र या लेखकांनी स्वतःच ओलांडली. विदर्भातून आलेल्या प्रेमानंद गज्वी यांनी ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेत पाण्याच्या प्रश्नातून अस्पृश्यतेचे दर्शन घडविले. ‘किरवंत’मध्ये त्यांनी अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाच्या वाट्याला येणारा बहिष्कार चित्रित केला. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’त चळवळीतील भिन्न पिढ्यांचा मतभेद आहे. म्हणजे दलित नाटककाराने केवळ स्वतःच्याच दुःखाचे कथन करावे, ही अपेक्षाही एक प्रकारचे बंधनच होय.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. मराठी नाटकात प्रमाणभाषा नायकाच्या वाट्याला आणि बोली बहुधा गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला, अशी वाटणी दीर्घकाळ रूढ होती. वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातल्या केनवड या गावाचे उदाहरण घेता येईल. हा वऱ्हाडी बोलीचा प्रदेश. येथे ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘तो जात आहे’ऐवजी ‘तो जाऊन राहिला’ अशी रूपे ऐकू येतात. येथील एखाद्या तरुणाने नाटक लिहावयास घेतले, तर पहिल्याच संवादात त्याच्यापुढे पेच उभा राहतो. प्रमाणभाषा वापरावी, तर पात्र आपल्या माणसांपासून दुरावते. बोली वापरावी, तर शहरी प्रेक्षक गंभीर प्रसंगीही हसण्याचा संभव असतो. हा दोष बोलीचा नव्हे, प्रेक्षकाच्या सवयीचा आहे. बोलीतील पात्र जेव्हा युक्तिवाद करते, शंका घेते, निर्णय करते, तेव्हाच ती सवय मोडते.

म्हणून नव्या नाटककारांसाठी महोत्सव भरविणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. पुण्या-मुंबईत एका रात्री झालेल्या प्रयोगाने लेखकाचे नाव होते. परंतु ज्यांच्या बोलण्यातून त्याचे संवाद घडले, ते श्रोते प्रयोगाला मुकतात. त्याच्या पात्रांचे बोलणे खरे उतरले की नाही, याचा निवाडा तेच अधिकाराने करू शकतात. दंडारीसारख्या लोकप्रकाराने विदर्भातील खेड्यांना जी रंगजाण दिली आहे, तिच्यासमोर नवे नाटक उभे राहिले पाहिजे. डू बॉइस यांच्या चौथ्या कसोटीत अंतराचा विचार होता; मराठीत तिचा अर्थ भाषेच्या सामीप्यापर्यंत वाढविणे प्राप्त आहे.