एकट्याने पुरा न होणारा खेळ

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. पोकेमॉन! पिकाचू आपल्याला टीव्हीवरच्या कार्टूनमुळे माहीत आहे. पण कार्टून आलं १९९७ मध्ये. त्याच्या आधी, २७ फेब्रुवारी १९९६ ला, जपानमध्ये एक खेळ आला होता, गेमबॉय नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा. आज त्या खेळातल्या फक्त एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे: तो एकट्याने पुरा करताच येत नाही. आणि हे मुद्दाम केलेलं आहे.

खेळ करणारे सातोशी ताजिरी यांचं बालपण टोकियोजवळच्या माचिदात गेलं. किडे गोळा करायचा त्यांना भारी नाद. पुढे वस्ती वाढली, तळी बुजली, शेतं गेली, किडेही गेले. १९८९ मध्ये गेमबॉय आला. दोन गेमबॉय जोडायला एक तार मिळायची. लोक ती मुख्यतः एकमेकांना हरवायला वापरत. ताजिरींना मात्र त्या तारेतून किडा इकडून तिकडे जाताना दिसला. ही कल्पना खेळात उतरायला जवळजवळ सहा वर्षं लागली.

आता बघा, अडवणूक कशी केली आहे. खेळ दोन रंगांत निघाला, लाल आणि हिरवा. ग्रोलिथ फक्त लालमध्ये सापडतो, वल्पिक्स फक्त हिरव्यात. सुरुवातीला तीन प्राण्यांतून एकच निवडायचा. बाकीचे दोन पुन्हा रानात भेटत नाहीत. हॉन्टरसारखे चार प्राणी तर दुसऱ्याच्या हाती गेल्याशिवाय शेवटचं रूपच घेत नाहीत. म्हणजे १५० ची यादी भरायची तर कुणाकडे तरी जाणं आलंच.

तुम्ही म्हणाल, अहो, ही तर दोन डबे खपवायची युक्ती! धंदा त्यात आहेच, नाकारत नाही. दोन आवृत्त्या काढायचा सल्ला मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी दिला होता, आणि त्यांना बाजार चांगला कळत होता. पण हिशेब करून बघा. एका मुलाला दोन्ही डबे घ्यायची गरज नाही. एक डबा आणि एक मित्र, एवढं पुरतं. बरं, दोन्ही डबे घेतले तरी अदलाबदलीसाठी दुसरा गेमबॉय लागणारच.

माझ्या मते खरी गंमत नियमांत आहे. दिलेला प्राणी तुमच्याकडून जातो. मागे प्रत राहत नाही. आपण फाइल पाठवतो तेव्हा ती आपल्याकडेही राहते. इथे तसं नाही. देणं म्हणजे देणंच. आणि आलेल्या प्राण्यावर पहिल्या मालकाचं नाव कायम राहतं. तो दीडपट वेगाने अनुभव कमावतो. पण तुमच्याकडे पुरेसे बिल्ले नसतील, तर मोठा झाल्यावर तुमचं ऐकत नाही. म्हणजे दुसऱ्याकडून मिळालेल्या गोष्टीचा फायदा आहे, पण तिच्यासाठी आपली लायकी वाढवावी लागते. हे कुठे उपदेश म्हणून लिहिलेलं नाही. नियमच ते शिकवतात.

त्यातच भर म्हणजे तार आखूड. शेजारी बसायचं, घासाघीस करायची, रुसायचं, शेवटी बटण दाबायचं. २००६ च्या डायमंड आणि पर्ल या आवृत्त्यांपासून इंटरनेटवरून अनोळखी माणसाशीही अदलाबदल होऊ लागली. सोय झाली, यात शंका नाही. ज्याच्या आसपास खेळणारं कुणीच नव्हतं, त्याचीही यादी भरू लागली. पण समोरच्याचा चेहरा गेला.

म्हणून पालकांना एवढंच सांगेन. मूल किती वेळ खेळतं, हे विचाराच. पण त्याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: या खेळात त्याला दुसऱ्या कुणाची गरज पडते का? पडत असेल, तर त्या दुसऱ्याला घरी बोलवा.

इथे थांबतो.