व्हिडिओ गेमचा इतिहास कसा लिहायचा?

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, मोडी कागद आठवतात. व्हिडिओ गेमलाही इतिहास आहे. मात्र त्याची साधने ताम्रपटापेक्षा फार लवकर नष्ट होतात.

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ साली ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरचा टेनिसचा खेळ तयार केला. प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्यांसाठी केलेला हा खेळ नंतर मोडून टाकण्यात आला. त्याचे आराखडे मात्र उरले. त्यांच्या आधारे १९९७ साली तो पुन्हा उभा करता आला. वस्तू गेली तरी नोंद राहिली, म्हणून इतिहास राहिला.

आता रत्नागिरीसारख्या शहराचा इतिहास लिहायचा झाला तर? १९९० च्या दशकात टीव्हीला जोडून, ‘कॅसेट’ घालून खेळायचे गेम महाराष्ट्रात घरोघरी दिसू लागले. त्यांतले पुष्कळ संच निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. अशा संचावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ लावला की पडद्यावर १९८५ हे साल दिसते. ते साल जपानमधल्या प्रकाशनाचे. खेळ आपल्या गावात कधी आला, हे त्यावरून कळत नाही. कॅसेटवर छापलेला ‘९९९९ खेळ’ हा आकडाही असाच फसवा. मोजकेच खेळ थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येतात. बनावट ताम्रपट ओळखताना संशोधक जी पारख करतात, तीच येथेही हवी.

मग साल ठरवायचे कसे? घरात जपलेली खरेदीची पावती, पाठीमागे तारीख असलेले छायाचित्र, जुन्या वृत्तपत्रांतल्या जाहिराती हे चांगले पुरावे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. अशा ठिकाणी वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींची चौकशी करावी. व्हिडिओ गेम पार्लरवर राज्याचे करमणूक शुल्क असे. २०१७ साली ते वस्तू व सेवा करात विलीन झाले. त्यापूर्वीच्या नोंदींसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारणा करता येईल.

घाई का करायची, याचे उत्तर विज्ञानात आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दमट, खाऱ्या हवेत धातूचे जोड गंजतात. पार्लरमधल्या अनेक यंत्रांत खेळाची आज्ञावली ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये असे. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते आणि हा भार काही दशकांत हळूहळू गळून जातो. त्याआधी माहिती उतरवून घेतली, तर संगणकाला जुन्या यंत्राची नक्कल करायला लावून खेळ चालवता येतो. १९९७ साली सुरू झालेला ‘मेम’ हा प्रकल्प हेच काम करतो.

पण एका नाण्यात किती वेळ खेळता येई, मुली पार्लरमध्ये जात का, बिघडलेला संच कोण दुरुस्त करी, हे कोणतीही चिप सांगणार नाही. ते दुकानदारांच्या, कारागिरांच्या आणि त्या वेळच्या मुलांच्या आठवणीत आहे.

शाळेत हा प्रकल्प सहज करता येईल. प्रत्येक गटाने एक वस्तू, एक कागद आणि एकमेकांशी न बोललेल्या दोन व्यक्तींच्या मुलाखती मिळवाव्यात. मुलाखतीची तारीख लिहावी, परवानगी घ्यावी. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर एक खोडू नये. दोन्ही लिहून ठेवाव्यात. पुढे एखादी पावती सापडली, तर निवाडा तीच करील.